फजिता की फहिता?

मंडळी, गेल्या रविवारी आमच्याकडे जरा गंमत झाली, आणि त्या गमतीच्या पोटात आणखीही काही झालं. ते विसरायच्या आत लिहून ठेवावं म्हणून बसले आहे.

नात बुधवारी कॉलेजातून आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "आज्जी, रविवारी काका-काकू येणारेत ना? आपण फजिता करूया. अगदी झटपट होतो, काही त्रास नाही." मी म्हटलं, "करूया की, पण आता आंबे कुठे राहिलेत? पायरी संपली." ती माझ्याकडे बघतच राहिली. "आंबे? अगं आज्जी, चिकनचा फजिता!" मग बघत राहायची पाळी माझ्यावर आली. फजित्यात चिकन?

माझं माहेर दादरचं, आई नाशिककडची. तिच्या हातचा फजिता म्हणजे आमरस काढून झाल्यावर उरलेल्या कोयी आणि साली पाण्यात चांगल्या कोळून घ्यायच्या, त्या पाण्याला थोडं पीठ लावायचं, गूळ, मीठ, मिरची घालायची आणि वर तुपाची जिऱ्याची फोडणी. आंबट-गोड, पातळ, कढीसारखा. आठ-दहा माणसांच्या घरात आंबा महाग, म्हणून कोयीला चिकटलेला रससुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही, हा त्यातला हेतू. सासरी, इकडे लालबागला, कोणाला हा पदार्थ माहीत नव्हता. लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा केला तेव्हा सासूबाईंनी नाव ऐकून विचारलं होतं, "कोणाची फजिती?"

नातीने मग मोबाईलवर चित्र दाखवलं आणि उच्चारही सुधारला. स्पॅनिशमध्ये त्या अक्षराचा 'ह' होतो, म्हणून फहिता. 'फाहा' म्हणजे पट्टा, आणि फहिता म्हणजे चिमुकला पट्टा. मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मसाला लावून तापल्या लोखंडावर कांदा-मिरचीबरोबर परतायच्या आणि चपातीसारख्या टॉर्टियात गुंडाळून खायच्या. "म्हणजे फ्रँकीच की," मी म्हटलं. मुंबईत फ्रँकी १९६९ पासून मिळते. तीही लोकांनी बाहेरून आलेली म्हणून नवलाईने खाल्ली आणि नंतर आपलीच करून टाकली.

खरं सांगायचं तर झटपट या शब्दाशी माझं फारसं सख्य नाही. पण गेले काही महिने आमच्या घरात जेवणाची जी तऱ्हा झाली होती, ती बघता म्हटलं, होऊन जाऊ दे. सगळे एका वेळी बसतील असं काहीही चालेल.

इथे थोडं मागे जायला हवं. लालबाग-परळमध्ये सगळ्यांनी एकत्र बसून जेवायची पद्धत आमच्या घरात कधी नव्हतीच. गिरणी तीन पाळ्यांत चालायची. सकाळची सातची, दुपारी साडेतीनची आणि रात्री बाराची. मामंजी एका पाळीला, हे दुसऱ्या पाळीला, मी शाळेत. चुलीवरची भांडी दिवसातून चार वेळा गरम व्हायची. भोंगा झाला की कोणीतरी ताटावर बसायचं आणि कोणीतरी उठायचं. आता गिरण्या गेल्या, चाळीच्या जागी टॉवर झाला, आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. पण पाळ्या काही गेल्या नाहीत. मुलाची कंपनी अमेरिकेच्या घड्याळावर चालते. सून बँकेतून यायला साडेआठ वाजतात. नातीचे क्लास. प्रत्येकजण आपापलं ताट मायक्रोवेव्हमध्ये फिरवतो आणि मोबाईल समोर ठेवून जेवतो. भोंगा नाही एवढाच फरक.

आणि हे आत, खोलीत, दार लोटून जेवतात.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू काठीवर आला, बोलणंही बरंचसं आलं, पण उजवा हात काही आला नाही. ज्या हाताने माणसाने मागावर तुटलेला धागा चालता चालता गाठला, तो हात आता मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा असतो.

हॉस्पिटलमधून घरी आल्यानंतरचा पहिला दिवस. सगळे टेबलाशी होतो. ह्यांनी डाव्या हाताने चपाती तोडायला घेतली. एका हाताने चपाती तोडणं वाटतं तितकं सोपं नसतं. उजव्या हाताने आपण ते नकळत करतो, कारण बोटांना सत्तर वर्षांची सवय असते. चपाती ताटभर सरकली, वाटी कलंडली, आमटी टेबलावर सांडली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, डाव्या हाताने काय?"

मंडळी, हे वाक्य माझं नव्हतं असं म्हणायची फार इच्छा आहे. पण ते माझंच होतं. चौतीस वर्षं शिकवलं. डब्याच्या सुट्टीत वर्गातून फेरी मारताना जी डावखुरी मुलं डाव्या हाताने घास घेत, त्यांना मी याच शब्दांत हटकत असे. एक-दोघांच्या हातावर पट्टीही ठेवली आहे, हळू, पण ठेवली आहे. डावा हात जेवायचा नव्हे, हे मला माझ्या आईने शिकवलं, मी मुलांना शिकवलं, आणि त्या दिवशी ते वाक्य सवयीने, न विचारता, बाहेर आलं.

ह्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "माझा ताट आत आण." तेव्हापासून आतच.

ते इतकं का लागलं, हे मला कळत होतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात हे होते. ह्यांची गिरणी पुन्हा ह्यांच्यासाठी उघडली नाही. पुढे काही वर्षं घर माझ्या पगारावर चाललं. मी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण ताटावर बसलेल्या माणसाला न बोललेलंही ऐकू येतं. तेव्हा दुसरी चपाती वाढायला गेले की हात आडवा करायचे. अशा माणसाला, ताटावर बसलेलं असताना, मी हात दाखवून बोलले.

आमच्या पिढीत नवरा-बायको एकमेकांची माफी मागत नाहीत. आवडीचं कालवण करतात. मी बांगड्याचं तिखलं केलं, आणि ताट आत नेल्यावर लक्षात आलं, की डाव्या हाताने काटे कसे काढणार? ताट अर्धं परत आलं. फिजिओथेरपीला येणारी मुलगी सांगून थकली, "काका, सगळ्यांसोबत बसा, सवय होईल." हे मान हलवायचे आणि दार लोटायचे.

तर असो. रविवार.

माणसं आठ. सकाळी मी आणि नात बाजारात गेलो. एक किलो बिनहाडाचं चिकन, छातीचं आणि मांडीचं मिळून. नुसतं छातीचं घेतलं की तापल्या तव्यावर ते लवकर कोरडं पडतं. चार भोपळ्या मिरच्या (आमच्या बाजारात सिमला मिरची म्हणाल तरच कळतं), त्यातल्या एक लाल, एक पिवळी, फक्त दिसायला. चार मोठे कांदे, सहा लिंबं, कोथिंबीर. नातीला अॅव्होकाडोही हवा होता. भाव ऐकून मी तिला कैरी घेऊन दिली.

मसाल्यांची यादी वाचताना मला हसू आलं. लाल मिरचीपूड, जिरेपूड, लसूण, मीठ, लिंबू. म्हटलं, यात परदेशी काय आहे? उलट मिरची ही मूळची मेक्सिकोकडचीच, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली आणि आता लालबागच्या मसाल्यांच्या दुकानांत पोत्यांनी असते. जिरं आपल्या बाजूच्या जगातलं, ते स्पॅनिश लोकांनी तिकडे नेलं. म्हणजे देवाणघेवाण चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच झालेली आहे, आम्ही फक्त उशिरा जेवायला बसलो!

कृती विचाराल म्हणून सांगते. चिकनच्या बोटाएवढ्या जाड लांब पट्ट्या कापा, धाग्यांना आडव्या, म्हणजे चिवट लागत नाहीत. दोन लिंबांचा रस, तीन चमचे तेल, सात-आठ पाकळ्या लसूण ठेचून, दोन चहाचे चमचे जिरेपूड, दीड-दोन चमचे मिरचीपूड आणि मीठ लावून अर्धा तास ठेवा. रात्रभर ठेवू नका. लिंबात फार वेळ राहिलं की मांस पिठूळ होतं. कांदा-मिरची उभी चिरा. तवा धूर येईपर्यंत तापवा. आम्ही घावण्यांचा बिडाचा तवा काढला, आणि नात म्हणाली की तिकडेही बिडाचंच भांडं लागतं. चिकन एकदम सगळं टाकायचं नाही. टाकलं की तवा थंड होतो, पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी ते शिजत बसतं. तीन-चार वेळा थोडं थोडं टाका, दर वेळी सहा-सात मिनिटं. मधला जाड तुकडा मोडून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये. मग त्याच तव्यावर कांदा-मिरची मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं, करकरीत राहील अशी. सगळं एकत्र करून वर लिंबू पिळा. झालं. चिरण्यापासून धरलं तरी दीड तासाच्या आत आठ माणसांचं जेवण. बरोबर टांगलेलं घट्ट दही आणि टोमॅटो-कांदा-कोथिंबिरीची बारीक कोशिंबीर. तिला ते लोक साल्सा म्हणतात. त्यात मी कैरी किसून घातली.

टॉर्टियाचं पाकीट नातीने आणू नये म्हणून मी पातळ चपात्या लाटल्या, पंचवीस. त्या जरा कच्च्यावरच काढायच्या आणि फडक्यात दडपून ठेवायच्या, म्हणजे गुंडाळताना मोडत नाहीत.

चिकन मुरत होतं तेव्हा नात मोठ्याने वाचून दाखवत होती, की हा पदार्थ आला कुठून. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. टेक्सासच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेलगत, मोठाली गुरांची कुरणं. तिथे राबणाऱ्या मेक्सिकन गुराख्यांना मजुरीचा भाग म्हणून जनावराचं डोकं, आतडी आणि पोटाच्या पडद्याचा चिवट पट्टा मिळायचा. चांगलं मांस मालकाचं. गुराखी तो पट्टा निखाऱ्यावर भाजून टॉर्टियात घालून खायचे. १९६९ मध्ये सॉनी फाल्कन नावाच्या मांसविक्रीच्या धंद्यातल्या माणसाने टेक्सासमधल्या काइल गावी जत्रेत त्याचा ठेला लावला. १९७३ मध्ये ह्यूस्टन शहरात निन्फा लॉरेन्झो या बाईने दहा टेबलांची खानावळ काढली. नवरा गेलेला, पाच मुलं, टॉर्टियाचा कारखाना डबघाईला आलेला. तिच्या हातचं हे भाजलेलं मांस खायला लोकांची रीघ लागली. चिकनचा फहिता मागाहून आला, मूळ पट्टा गाईबैलाचाच.

"खानावळवाली," आतून आवाज आला.

आम्ही दोघी थांबलो. हे क्वचितच आपणहून बोलतात. नात दारात गेली. ह्यांनी तिला हळूहळू, शब्द जुळवत सांगितलं, की लग्नाआधी हे लालबागच्या एका खानावळीत जेवायचे. कोकणातून, घाटावरून आलेले एकटे पुरुष, एकेका खोलीत वीस-वीस, जेवण खानावळीत, हिशेब महिन्याचा. बाई स्वतःचं घर चालवायला जेवण घालायची. संप झाला की गडी पैसे कुठून देणार? तरी ताट वाढायची आणि स्वतः वाण्याच्या आणि सावकाराच्या देण्यात बुडायची. अशा बायकांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, हे मला माहीत होतं आणि मी ते नातीला सांगितलं. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. पण ह्यांच्या ताटाची उधारी अशी कोणी वाढली होती, हे मी लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदा ऐकलं.

नात पुढे वाचू लागली. १९८२ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या एका मोठ्या हॉटेलाने तापलेल्या लोखंडी ताटलीत चर्र आवाज करत फहिता द्यायला सुरुवात केली आणि गुराख्यांचा चिवट पट्टा एकदम महाग झाला. सालाचा आकडा ऐकून मी आत बघितलं. ह्यांनीही माझ्याकडे बघितलं. "आमचो संप," एवढंच म्हणाले.

रात्री साडेआठ. टेबल सहा माणसांचं, दोन स्टुलं घेतली. ह्यांचं ताट मी नेहमीसारखं आधीच आत नेणार होते, पण नात म्हणाली, "थांब आज्जी, आधी तवा बाहेर येऊ दे." तिने तवा धगधगता असताना लाकडी पाटावर ठेवून टेबलाच्या मधोमध आणला आणि वरून लिंबू पिळलं. चर्र आवाज आणि वाफ! सगळे ओरडले. मग जी काही धांदल उडाली. चपाती घ्या, वर चिकन, वर दही, कोशिंबीर, गुंडाळा. कोणाचंच धड गुंडाळलं जात नव्हतं. धाकट्या मुलाच्या कोपरापर्यंत दही ओघळलं. सुनेच्या चपातीतून मिरच्या खालून पडल्या. नातू तर दोन्ही हातांत दोन घेऊन बसला होता. मोबाईल कोणाच्या हातात नव्हता, कारण हातच रिकामे नव्हते.

आणि काठीचा आवाज आला.

हे दारात उभे. "वास भारी येता," म्हणाले.

कोणी काही म्हणालं नाही, आणि ते बरं झालं. थोरल्याने खुर्ची सरकवली. नातीने एक चपाती घेतली, चिकन कात्रीने बारीक केलं (गिळण्याचा त्रास आता नाही असं डॉक्टरांनी पाहून सांगितलं आहे, तरी काळजी), घट्ट गुंडाळलं, खालचा अर्धा भाग फ्रँकीसारखा कागदात बांधला आणि ह्यांच्या डाव्या हातात दिला. जसा तिने नातवाला दिला होता, तसाच. तोडायचं काही नाही, कालवायचं काही नाही, सांडलं तर सगळ्यांचंच सांडत होतं.

मी माझा रोल उचलला, आणि मग उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. घास घेताना दही हनुवटीवर लागलं. एवढ्या गडबडीत कोणी बघितलं नसावं. ह्यांनी बघितलं.

दोन रोल खाऊन झाल्यावर हे म्हणाले, "मीठ कमी पडला." मग थोडं थांबून, "असा जेवाण खानावळीत गावला तर लगीन कशाक करूचा?" धाकटी सून घाटावरची, तिला मालवणी अर्धवट कळतं, पण हसली ती सगळ्यात जास्त.

आता लगेच सगळं छान झालं असं लिहिणार नाही. सोमवारी हे टेबलावर आले, वरणभात चमच्याने खाल्ला. मंगळवारी शेजारच्या वहिनी जेवायच्या वेळी टेकल्या, तर ताट पुन्हा आत मागवलं. मी नेऊन दिलं. पण दार लोटलं नाही, आणि माझंही ताट आत घेऊन गेले. तिथे मी त्यांना ते सांगितलं, जे नोव्हेंबरातच सांगायला हवं होतं. ते काय म्हणाले ते मात्र इथे लिहीत नाही.

उद्या गुरुवार, चिकन चालणार नाही. मी बटाट्याची सुकी भाजी करून चपात्यांत गुंडाळणार आहे, सगळ्यांसाठी, सगळ्यांच्याच खालच्या टोकाला कागद बांधून. नात म्हणते, आज्जी, याला फहिता म्हणत नाहीत. नसू देत.